तेहतीस नंबरचा म्हातारा

होनस वॅग्नरच्या ग्लोव्हला तळव्याशी भोक असायचं. ते वापरून पडलेलं नसे, त्यानं स्वतःच पाडलेलं असे. आतली गादी उपसून टाकायची आणि चेंडू थेट कातडीला लागू द्यायचा, ही त्याची रीत. शंभरेक वर्षांपूर्वीचा बेसबॉलचा ग्लोव्ह आजच्यासारखा टोपलीएवढा नव्हता; थंडीतल्या हातमोज्याला जरा जाड अस्तर लावावं, इतपतच तो असे. तेवढंही या गृहस्थाला नको होतं. त्याचे पंजे एवढे मोठे, की जमिनीलगत आलेला चेंडू उचलताना मूठभर माती आणि चार खडेही हातात यायचे. ते सगळं मिळून पहिल्या बेसकडे रवाना व्हायचं आणि तिथल्या गड्यानं त्यातून चेंडू तेवढा निवडून घ्यायचा, असं गमतीनं सांगत.

बेसबॉल ज्यांनी फक्त इंग्रजी सिनेमात पाहिला असेल त्यांना शॉर्टस्टॉप ही काय चीज आहे हे आधी सांगायला हवं. मैदानात चार बेसचा एक चौकोन असतो, प्रत्येक बाजू ९० फुटांची, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर एकेक राखणदार असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जो उभा राहतो, ज्याच्या नावावर कुठलाच बेस नाही, तो शॉर्टस्टॉप. बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे, आणि त्यांचे जोरकस फटके नेमके याच बाजूला ओढले जातात. चेंडू मातीवरून सरपटत, कधी एखाद्या खड्यावर आपटून तोंडावर उसळत येतो. तोवर फलंदाजानं बॅट टाकून पहिल्या बेसकडे धूम ठोकलेली असते आणि तिथं पोचायला त्याला चार-सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात शॉर्टस्टॉपनं धावायचं, वाकायचं, चेंडू उचलायचा आणि सगळा चौकोन ओलांडून फेकायचा. चेंडू हातात एकदा जरी खेळला तरी संधी गेली. मोठ्या लीगमध्ये डावखुरा शॉर्टस्टॉप जवळजवळ दिसत नाही, त्याचं कारणही या सेकंदांतच आहे. डावखुऱ्याला फेकण्याआधी अंग वळवावं लागतं आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

ही जागा खेळाच्या जन्मापासून होती असंही नाही. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबात डॉक अ‍ॅडम्स नावाचे डॉक्टर खेळायचे. येल आणि हार्वर्डमध्ये शिकलेले. १८५० च्या आगेमागे त्यांनी मैदानात एक जास्तीचा खेळाडू उभा केला, तो म्हणजे स्वतः अ‍ॅडम्स. कारण व्यवहारी होतं. तेव्हाचा चेंडू इतका हलका होता, की दूरवरच्या क्षेत्ररक्षकाला तो एका फेकीत आत पोचवता येत नसे. मध्ये कुणीतरी उभं राहून तो झेलून पुढे द्यायला हवा. थोडक्यात, पहिला शॉर्टस्टॉप हा हरकाम्या होता. क्लबासाठी चेंडू बनवण्याचं कामही अ‍ॅडम्सच करायचे. चेंडू कठीण आणि वजनदार झाला, लांब फेकता येऊ लागला, तसा मधला हा माणूस पुढे सरकून आतल्या चौकोनात आला. ब्रुकलिनचा डिकी पिअर्स हा ठेंगणाठुसका खेळाडू या जागेचा पहिला मोठा कारागीर मानला जातो.

शॉर्टस्टॉप म्हटलं की आजही डोळ्यासमोर असाच चणीनं लहान, चपळ माणूस येतो. वॅग्नर उंचीला पाच फूट अकरा इंच आणि वजनाला सुमारे दोनशे पौंड होता. छाती पिंपासारखी, हात गुडघ्याकडे लोंबणारे आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. उभा राहिला की हमाल वाटावा. धावू लागला की मात्र त्याला 'फ्लाइंग डचमन' का म्हणत ते कळे. खरं तर तो डचमन नव्हताच. आईवडील जर्मन. 'डॉइच' या शब्दाचं अमेरिकनांनी 'डच' करून टाकलं होतं, त्याला इलाज नव्हता.

त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ चा. पिट्सबर्गजवळच्या ज्या कोळशाच्या वस्तीत तो जन्मला, तिचं नाव नंतर, १८९४ मध्ये, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीवरून कार्नेगी असं पडलं. नऊ भावंडांतली पाच जगली. बाराव्या वर्षी होनसची शाळा सुटली आणि बाप-भावांबरोबर तो खाणीत उतरला. थोरला भाऊ अल्बर्ट बेसबॉल खेळायचा, आणि होनसला या धंद्याची वाट त्यानंच दाखवली. मधल्या काळात न्हाव्याचं कामही शिकून झालं होतं. १८९५ मध्ये तो ओहायोतल्या स्ट्यूबनव्हिलच्या संघात दाखल झाला, त्या वर्षात आणखी दोन-तीन गावं फिरला. छोट्या लीग तेव्हा उन्हाळ्यात उगवत आणि पैसे संपले की गुंडाळल्या जात. खेळाडूनं ट्रंक उचलून पुढच्या गावी जायचं.

एड बॅरोनं त्याला हेरलं ती गोष्ट बेसबॉलच्या दंतकथांत मोडते. बॅरो कार्नेगीला पोचला तेव्हा हा पोरगा रेल्वेच्या रुळांकडेला दगडगोटे फेकत होता म्हणे, आणि त्यांचा पल्ला पाहूनच बॅरोनं करार पुढे केला. गोष्टीला किती मीठमसाला लागलाय कोण जाणे, पण बॅरोची नजर खरीच तयार होती. याच बॅरोनं पुढे बॉस्टनमध्ये बेब रूथ नावाच्या पिचरला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याला, रोज फलंदाजी करायला लावलं आणि खेळाचा इतिहास बदलला. वॅग्नर त्याच्याकडे न्यू जर्सीतल्या पॅटर्सनला खेळला आणि १८९७ मध्ये २,१०० डॉलरांना लुईव्हिलच्या मोठ्या लीगमधल्या संघाला विकला गेला.

लुईव्हिलला त्याची नेमकी जागा कुणालाच ठाऊक नव्हती. कधी बाहेरच्या मैदानात, कधी पहिल्या बेसवर, कधी तिसऱ्या. १८९८ मध्ये टॉमी लीच नावाचा छोटेखानी तरुण तिथं तिसऱ्या बेसची जागा मिळेल या आशेनं आला. पहिल्याच दिवशी बाकावर बसून पाहतो तर तिसऱ्या बेसवरचा बोजड दिसणारा इसम अशक्य वाटणारे चेंडू उघड्या हातानं उचलून फेकतोय. आपलं इथं काही खरं नाही, हे लीचनं तिथंच ओळखलं. म्हातारपणी त्यानं ही आठवण मोठ्या मजेत सांगितली. जगातला सर्वोत्तम तिसरा बेसमन, सर्वोत्तम पहिला बेसमन आणि सर्वोत्तम शॉर्टस्टॉप हा एकच माणूस होता, अशी त्याची साक्ष आहे.

१८९९ च्या अखेरीस लुईव्हिलचा संघ लीगमधून बाद होणार हे दिसताच मालक बार्नी ड्रायफस यांनी पिट्सबर्ग पायरेट्समध्ये भागीदारी घेतली आणि आपले डझनभराहून जास्त खेळाडू तिकडे नेले. आपल्याकडे या क्लबाचं नाव ऐकू आलं ते फार उशिरा, २००८ मध्ये, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनं पिचर म्हणून करारबद्ध केलं तेव्हा. वॅग्नरसाठी मात्र ही बदली म्हणजे घरी परतणं होतं. कार्नेगी गाव मैदानापासून हाकेच्या अंतरावर. १९०० च्या पहिल्याच मोसमात त्यानं .३८१ ची सरासरी काढली. शंभर वेळा बॅट हाती घेतली तर अडतीस वेळा यश, असा त्याचा अर्थ. बेसबॉलमध्ये शंभरात तीस वेळा जमलं तरी माणूस नामवंत ठरतो, हे लक्षात ठेवावं.

तरी तो अजून शॉर्टस्टॉप नव्हता. १९०१ मध्ये संघाचा जुना शॉर्टस्टॉप बोन्स इली याला काढल्यावर कर्णधार-मॅनेजर फ्रेड क्लार्कनं वॅग्नरला तिथं उभं करायचं ठरवलं. वॅग्नर तयार होईना. बऱ्याच मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. १९०३ पासून ती जागा त्याची कायमची झाली, तेव्हा तो एकोणतिशीत होता. ज्या वयात आज शॉर्टस्टॉपला दुसरीकडे हलवायची भाषा सुरू होते, त्या वयात यानं तिथं सुरुवात केली.

आणि सुरुवातच वाईट झाली. १९०३ च्या ऑक्टोबरात दोन लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली वर्ल्ड सिरीज झाली, पायरेट्स विरुद्ध बॉस्टन. पाच विरुद्ध तीन सामन्यांनी पिट्सबर्ग हरलं. दुखऱ्या पायानं खेळणाऱ्या वॅग्नरची सरासरी .२२२ आणि क्षेत्ररक्षणात सहा चुका. वर्तमानपत्रांनी सोलून काढला. त्याला ते इतकं लागलं, की पुढच्या वर्षी फलंदाजीतल्या विजेत्यांच्या तसबिरी एका दालनात लावायच्या म्हणून कुणी त्याचा फोटो मागितला तेव्हा त्यानं तो पाठवायला नकार दिला.

त्यानंतरची सहा-सात वर्षं म्हणजे या माणसाची खरी कारकीर्द. पायरेट्स ज्या लीगमध्ये खेळत त्या नॅशनल लीगचं फलंदाजीचं अग्रस्थान त्यानं एकूण आठ वेळा पटकावलं. तो 'मेलेल्या चेंडू'चा काळ होता. एकच चेंडू सामनाभर चाले, तंबाखूच्या थुंकीनं आणि मातीनं काळा पडे, मऊ होई, सीमेपार जाणं दुर्मिळ. धावा मिळायच्या त्या बेस चोरून, म्हणजे पिचर चेंडू टाकतोय तोवर पुढच्या बेसकडे पळ काढून. वाकड्या पायांच्या या गड्यानं आयुष्यात सातशेवर बेस चोरले.

१९०८ च्या वसंतात त्यानं आपण खेळणं सोडल्याचं जाहीर केलं. आता कोंबड्या पाळणार म्हणे. ड्रायफस यांनी त्याचा पगार दुप्पट करून दहा हजार डॉलर केला तेव्हा कोंबड्यांचा बेत रहित झाला. त्या मोसमात लीगमधल्या इतर फलंदाजांची दैना चालली असताना यानं .३५४ ची सरासरी, २०१ हिट (यशस्वी फटके) आणि ५३ चोरलेले बेस असा हिशोब मांडला. बेसबॉलचे आकडेवाले आजही या एका मोसमावर वाद घालतात. १९०९ मध्ये फोर्ब्ज फील्ड हे नवं काँक्रीट-पोलादाचं स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी पिट्सबर्गनं टाय कॉबच्या डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. वॅग्नर .३३३, कॉब .२३१. कॉबनं पहिल्या बेसवरून शिवी हासडली, मी येतोय म्हणाला, आणि वॅग्नरनं चेंडू त्याच्या तोंडावर असा हाणला की टाके पडले, ही त्या मालिकेतली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे. ती बहुधा खोटी आहे. कॉब स्वतः ती नाकारत राहिला. पण अमेरिकेला मवाली कॉब आणि सज्जन वॅग्नर अशी जोडी हवी होती, त्यामुळे गोष्ट मरत नाही.

सज्जनपणाची दुसरी गोष्ट म्हणजे ते सिगारेटचं कार्ड. अमेरिकन टोबॅको कंपनी १९०९ पासून पाकिटांत खेळाडूंची रंगीत चित्रं घालत होती. वॅग्नरची परवानगी आणून दिली तर दहा डॉलर, असं कंपनीनं पिट्सबर्गचे पत्रकार जॉन ग्रुबर यांना सांगितलं होतं. वॅग्नरनं नकार दिला आणि ग्रुबर यांचं नुकसान नको म्हणून दहा डॉलरचा चेक त्यांना स्वतः पाठवला, असं वृत्त १९१२ मध्ये छापून आलं. छपाई थांबली. आज त्या कार्डाच्या साठेक प्रतीच माहीत आहेत. १९९१ मध्ये एक ४,५१,००० डॉलरांना गेली आणि २०२२ मध्ये दुसरी ७२.५ लाखांना. मुलांनी सिगारेट ओढू नये म्हणून त्यानं हे केलं, असं सांगतात. ते खरं असेलही. मात्र तो स्वतः तंबाखू चघळायचा, आणि नाव विकण्याचंही त्याला वावडं नव्हतं. १९०५ मध्ये लुईव्हिलच्या हिलरिक कंपनीला बॅटवर आपली सही वापरू देण्याचा करार करणारा पहिला खेळाडू तोच. बॅटांवर खेळाडूंच्या सह्या छापण्याचा जो धंदा पुढे वाढला, त्याचा हा मूळपुरुष.

१९१७ ला तो थांबला, त्रेचाळिसाव्या वर्षी. तीन हजार चारशेवर हिट, त्यांतली तीन हजारावी १९१४ मधली. १९१७ च्याच मोसमाच्या मध्यात मॅनेजरला काढून क्लबानं संघ त्याच्या हाती दिला. पाच सामन्यांत एक विजय, चार पराभव, आणि वॅग्नरनं हात जोडले. हुकूम सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

मग सोळा वर्षं तो मोठ्या बेसबॉलच्या बाहेर होता. कार्नेगी टेक या कॉलेजात बेसबॉल आणि बास्केटबॉल शिकवून पाहिलं. खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. शेरीफची निवडणूक लढवून हरला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात काही काळ सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स होता. मंदी आली आणि साठीकडे झुकलेला, पदरी बायको आणि दोन मुली असलेला हा माणूस ओढगस्तीला लागला. १९३२ मध्ये ड्रायफस वारले. त्यांचे जावई बिल बेन्सवँगर यांच्याकडे क्लब आला आणि १९३३ मध्ये त्यांनी वॅग्नरला कोच म्हणून परत बोलावलं.

बेसबॉलमधला कोच हा शब्द ऐकून आपल्याला मैदानाबाहेर टोपी घालून बसलेले 'सर' आठवतील, तर तसं नव्हे. हा माणूस संघाचाच गणवेश घालतो, तळाशी खिळे असलेले बूट घालतो आणि सामना चालू असताना पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपाशी आखलेल्या चौकटीत उभा राहून धावणाऱ्याला पळ की थांब हे ओरडून, हात हलवून सांगतो. या पदाचा उगम काही फारसा सुसंस्कृत नाही. १८८० च्या दशकात सेंट लुईस ब्राउन्सचे चार्ल्स कोमिस्की आणि बिल ग्लीसन बेसरेषेवर खाली-वर फिरत प्रतिस्पर्ध्याच्या कानात यथेच्छ शिव्या घालायचे. त्यांना आवर घालण्यासाठी म्हणून ती चौकट आखण्यात आली. पगारी पूर्णवेळ कोच पुढे आले. १९०९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं नेमलेला आर्ली लेथम हा त्यांतला पहिला मानतात, आणि त्याची ख्याती शिकवण्यापेक्षा विदूषकीसाठी जास्त होती. म्हणजे वॅग्नर आला तेव्हा कोच हे काहीसं पेन्शनीचं पद होतं. जुन्या खेळाडूला पोट भरायला जागा, प्रेक्षकांना बघायला एक ओळखीचा चेहरा.

वॅग्नरची कोच म्हणूनची एकोणीस वर्षंही बहुतेक लिहिणारे अशीच दोन ओळींत संपवतात. म्हातारा हॉटेलांच्या लॉबीत बसून थापा मारायचा, पोरांना हसवायचा, बिअर प्यायचा. थापा मारायचा हे खरंच आहे. एकदा फटका आला तेव्हा नेमका एक ससा मैदानातून पळत होता, मी चेंडूऐवजी ससाच उचलून पहिल्या बेसला फेकला आणि धावणारा बाद झाला, ही त्याची आवडती गोष्ट. इंग्रजीत ससा आणि केस या शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे 'केसाच्या फरकानं बाद' अशी कोटीही साधायची.

पण आर्की वॉनचं काय करायचं?

वॉन हा आर्कान्सात जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला, मोजकं बोलणारा पोरगा. १९३२ मध्ये विसाव्या वर्षी तो पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप झाला. फलंदाजी देवदत्त, क्षेत्ररक्षण बेभरवशाचं. पहिल्या मोसमात ४६ चुका. वॅग्नर आला त्या १९३३ मध्ये पुन्हा ४६. दौऱ्यावर दोघांना हॉटेलात एकाच खोलीत ठेवलं गेलं. एकविशीचा पोरगा आणि एकोणसाठीचा म्हातारा. रोज सकाळी मैदानावर तेच ते चेंडू, तेच ते वाकणं. वॅग्नरकडे पद्धत अशी काही नव्हती. ज्याला सगळं आपसूक जमलं त्याला ते शब्दांत मांडता येत नाही, ही कोचांच्या धंद्यातली जुनी अडचण आहे. पाच सामन्यांत मॅनेजरकी सोडणारा हा माणूस आता मात्र टिकला, कारण इथं संघ हाकायचा नव्हता. एका पोराशेजारी उभं राहायचं होतं.

वॉनच्या चुका हळूहळू उतरत गेल्या. पुढे प्रतिस्पर्ध्यांना बाद करण्यात आणि फेकून बाद करवण्यात तो नॅशनल लीगच्या शॉर्टस्टॉपांत तीन-तीन वेळा पहिला आला. १९३५ मध्ये त्याच्या बॅटीनं .३८५ ची सरासरी काढली. पिट्सबर्गमध्ये १९०० पासून उभा असलेला .३८१ चा आकडा मागे पडला. तो आकडा कुणाचा होता हे वर आलंच आहे. जुना धनी बेसपाशी कोचच्या चौकटीत उभा राहून आपला विक्रम मोडताना पाहत होता. .३८५ हा त्या क्लबाचा विक्रम आजही शाबूत आहे.

त्या काळातलं एक दृश्य पॉल वेनरनं सांगून ठेवलंय. वेनर स्वतः पायरेट्सचा मोठा फलंदाज. सामन्याआधीचा सराव चालू असताना कधी कधी साठी उलटलेला वॅग्नर आपण होऊन शॉर्टस्टॉपच्या जागेवर जाऊन उभा राहायचा. दोन्ही संघांचे खेळाडू हातातलं काम टाकून बघत राहायचे, सगळ्या मैदानात शांतता पसरायची. वाकडे पाय, जाड पोट, आणि चेंडू आला की तोच पंजा जमिनीला भिडून वर येई. कोच म्हणून त्याचा धडा असेल तर तो हाच होता, असं मला वाटतं. तो सांगत नसे, करून दाखवत असे, आणि साठीच्या हातांनी दाखवत असल्यामुळे हे ताकदीचं काम नसून पावलांचं आणि वेळेचं आहे, हे बघणाऱ्याला उमगत असे.

१९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिलं मतदान झालं. २२६ मतपत्रिका. कॉबला २२२, वॅग्नर आणि बेब रूथ यांना प्रत्येकी २१५, मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन या पिचरांना अनुक्रमे २०५ आणि १८९. मॅथ्यूसन दहा वर्षांपूर्वी वारला होता, कॉब आणि रूथ घरी बसले होते, जॉन्सनची मॅनेजरकी आदल्या वर्षी सुटली होती. त्या पाचांतला एकटा वॅग्नर अजून रोज गणवेश चढवून कामावर जात होता.

संघानं त्याच्या कोचकीत एकदाही लीग जिंकली नाही. १९३८ मध्ये घास तोंडाशी आला होता, पण सप्टेंबरच्या अखेरीस शिकागोत, अंधार पडत आला असताना, तिथल्या गॅबी हार्टनेटनं चेंडू सीमेपार धाडला आणि सगळं गेलं. १९४१ च्या डिसेंबरात वॉनला ब्रुकलिनला देऊन टाकलं. मॅनेजर बदलले, शेवटी मालकही बदलले, म्हातारा तिथंच. शेवटच्या वर्षांत राल्फ काइनरसारखी सीमेपार फटके मारणारी नवी पिढी आली. तिला बेस चोरण्यात रस नव्हता. वॅग्नर तिलाही सशाची गोष्ट सांगत असे.

एक प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. १९४६ च्या जूनमध्ये रॉबर्ट मर्फी या वकिलानं बांधलेल्या खेळाडूंच्या संघटनेनं पिट्सबर्गमध्ये संपाची हाक दिली. फोर्ब्ज फील्डवर प्रेक्षक येऊन बसलेले, आणि आत खोलीत खेळाडूंचं मतदान चाललेलं. संप झालाच तर जे हाताशी असतील त्यांना घेऊन खेळायचं, अशी मॅनेजर फ्रँकी फ्रिशची तयारी होती, आणि त्या यादीत ७२ वर्षांच्या वॅग्नरचंही नाव होतं असं सांगतात. संपाच्या बाजूनं २० मतं पडली, विरोधात १६. दोन तृतीयांश न झाल्यानं संप बारगळला. ज्या पोलाद-कोळशाच्या मुलखात संघटनांनी रक्त सांडलं होतं, त्याच मुलखात खाणीत वाढलेला पोरगा म्हातारपणी मालकाच्या बाजूनं मैदानात उतरणार होता. त्याच्या चाहत्यांना हे लिहायला आवडत नाही. पण मंदीत पोटाला घालणाऱ्या बेन्सवँगरांना तो नाही कसं म्हणणार होता, तेही समजू शकतं.

१९५१ च्या मोसमानंतर, अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यानं गणवेश उतरवला. पुढच्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९५२ मध्ये, आर्की वॉन कॅलिफोर्नियातल्या एका तळ्यात मासेमारी करताना नाव उलटून बुडाला. वय चाळीस. शिष्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला १९८५ साल उजाडावं लागलं. ते पाहायला गुरूही नव्हता.

३० एप्रिल १९५५ रोजी फोर्ब्ज फील्डबाहेर शेनली पार्कमध्ये फ्रँक व्हिटर या शिल्पकारानं घडवलेल्या वॅग्नरच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कार्नेगीतल्या घरी तो वारला. पुतळा मात्र क्लबाबरोबर फिरत राहिला, आधी थ्री रिव्हर्स स्टेडियमला आणि आता पीएनसी पार्कला. पुतळा फलंदाजाचा आहे, नुकता फटका मारलेला. शॉर्टस्टॉप वॅग्नर त्यात नाही, कोच तर नाहीच.

कोच आहे तो दुसरीकडे. पायरेट्सनं मोठ्या खेळाडूंचे पाठीवरचे नंबर कायमचे निवृत्त केले आहेत. त्यांत वॅग्नरच्या नावापुढे ३३ लिहिलेला आहे. वॅग्नर खेळत होता त्या एकवीस मोसमांत, १८९७ पासून १९१७ पर्यंत, बेसबॉलच्या गणवेशाच्या पाठीवर नंबरच नसत. ३३ त्यानं चढवला तो कोच झाल्यावर.